‘वेअरी’ कुठे लिहावा, कुठे टाळावा

प्रश्न इंग्रजीतल्या ‘वेअरी’ (डब्ल्यू-ए-आर-वाय) या शब्दाचा आहे, आणि थोडक्यात असा. बडोद्यातल्या एका केमिकल कंपनीच्या खरेदी विभागात काम करणाऱ्या ताईंनी परदेशी पुरवठादाराला मेल लिहिला. त्याने पैसे देण्याच्या अटी मधूनच बदलल्या होत्या आणि ‘आम्ही याबाबत जरा सावध आहोत’ एवढंच त्यांना कळवायचं होतं. ‘वेअरी’ लिहायला जाऊन त्यांनी लिहिलं, ‘वुई आर विअरी फ्रॉम युवर रिव्हाइज्ड टर्म्स’. साहेबांनी मेल अडवला आणि ‘कॉशस’ लिहायला सांगितलं. शब्दकोश पाहिला तर ‘वेअरी’पुढेही ‘सावध’ आणि ‘कॉशस’पुढेही ‘सावध’. मग फरक काय, आणि ‘वेअरी’ वापरायचा तरी कधी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या त्या एका वाक्यात तीन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. स्पेलिंग चुकलंय, प्रिपोझिशन चुकलंय, आणि तो शब्द ज्याला उद्देशून गेला त्याला उद्देशून तो जायला नको होता. पहिल्या दोन चुका सहज सुटतात. खरी अडचण तिसरी आहे. स्पेलिंग आणि प्रिपोझिशन अगदी बिनचूक असतं, तरीही मी तो मेल पाठवू दिला नसता. पण ते का, हे कळायला आधी शब्दाचा अर्थ नीट पाहायला हवा, म्हणून तिथून सुरुवात करतो.

पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं की मगरी काठच्या वस्त्यांत शिरतात, हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. समजा पाणी ओसरलंय आणि सोसायटीच्या मागच्या बाजूला उभी केलेली स्कूटर काढायला कुणीतरी निघालंय. जो घाबरून जिना उतरतच नाही, तो ‘अफ्रेड’. चिखलात पाय घसरू नये म्हणून बघून बघून पाऊल टाकतो, तो ‘केअरफुल’. इंजिनात पाणी गेलं असेल, आधी मेकॅनिकला दाखवू आणि मगच चालू करू, असं ठरवतो तो ‘कॉशस’. आणि भिंतीलगतच्या वाढलेल्या गवतावर नजर खिळवून, गटाराच्या उघड्या तोंडापासून चार हात लांबून, जरा काही हललं तर मागे सरकायच्या तयारीत जो स्कूटरपर्यंत जातो, तो ‘वेअरी’. मगर तिथे आहे असं त्याला ठाऊक नाही. नाही असंही तो धरून चालत नाही.

या चौथ्या माणसात ‘वेअरी’चा सगळा अर्थ आला. त्याची नजर स्वतःच्या पावलांवर नाही, बाहेरच्या एका ठरावीक गोष्टीवर आहे. त्या गोष्टीबद्दल शंका घ्यायला त्याच्याकडे कारण आहे: पूर्वी काही घडलंय, किंवा घडल्याचं ऐकलंय. आणि एवढं असूनही त्याने व्यवहार सोडलेला नाही, तो पुढे जातोच आहे, फक्त अंतर राखून. मराठीत ‘जपून असणं’, ‘हात राखून वागणं’, ‘बिचकून असणं’ म्हणतो, त्या सगळ्यांच्या मधोमध हा शब्द बसतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो ना, त्या वेळी ताकाबद्दल त्याच्या मनात जे असतं ते ‘वेअरी’.

आता ‘कॉशस’शी तुलना. ‘कॉशस’ हे वागण्याच्या पद्धतीचं वर्णन आहे. धोका कुठून येईल हे माहीत नसलं तरी माणूस कॉशस असू शकतो. काहींचा स्वभावच तसा असतो. म्हणूनच ‘कॉशस’ हे निर्जीव आणि अमूर्त गोष्टींनाही लावता येतं: ‘अ कॉशस एस्टिमेट’ म्हणजे हात आखडून केलेला अंदाज, ‘कॉशस ऑप्टिमिझम’ म्हणजे जपून बाळगलेली आशा. इथे ‘वेअरी एस्टिमेट’ लिहिलं तर चूक, कारण अंदाजाला डोळे नसतात. ‘वेअरी’ व्हायला पाहणारं कुणीतरी लागतं: माणूस, जनावर, किंवा माणसांचा समूह. बँका, गुंतवणूकदार, मतदार, बाजार हे सगळे ‘वेअरी’ होऊ शकतात. ‘अ वेअरी ग्लान्स’, ‘अ वेअरी स्माइल’ असंही लिहितात, पण तिथेही पाहणारा किंवा हसणारा माणूस मागे उभा असतोच.

‘सस्पिशस’ही याच गल्लीतला, पण दोन ठिकाणी वेगळा. एक म्हणजे तो दोन्हीकडे चालतो: ‘अ सस्पिशस मॅन’ म्हणजे संशयी माणूसही आणि संशयास्पद माणूसही, संदर्भ पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘वेअरी’ एकाच दिशेने चालतो. ‘अ वेअरी मॅन’ हा नेहमी पाहणारा, पाहिला जाणारा कधीच नाही. दुसरं म्हणजे ‘सस्पिशस’ माणसाचं मत जवळजवळ बनलेलं असतं, की इथे काहीतरी काळंबेरं आहे. ‘वेअरी’ माणसाने मत अजून राखून ठेवलेलं असतं.

‘धोका बाहेरच्या गोष्टीत असेल तर वेअरी, काळजी स्वतःच्या कृतीची असेल तर कॉशस’ ही कसोटी मी शिकवताना वापरतो आणि बहुतेक वाक्यांना ती पुरते. एका ठिकाणी मात्र ती ताणावी लागते. ‘बँक्स आर वेअरी ऑफ लेंडिंग टु न्यू बिल्डर्स’ या वाक्यात ‘ऑफ’पुढे बँकेची स्वतःचीच कृती आली आहे, कर्ज देणं. तरी वाक्य अचूक आहे आणि वर्तमानपत्रांत अशी वाक्यं रोज येतात. कारण भीती कर्ज देण्याची नसून पुढे ते बुडण्याची आहे. मराठीत हे वाक्य आणताना ‘सावध’ शब्द आठवतही नाही. ‘नव्या बिल्डरांना कर्ज द्यायला बँका बिचकतात’ असं सरळ येतं. तेव्हा ‘वेअरी ऑफ’ नंतर नाम आलं तर ‘च्याबद्दल जपून’, आणि ‘-इंग’ लावलेलं क्रियापद आलं तर ‘करायला बिचकणं’, असं समजून वाचलंत की बहुतेक वाक्यं उलगडतात.

इथून प्रिपोझिशनवर येऊ, कारण तुमचं ‘फ्रॉम’ नेमकं कुठून आलं ते मला दिसतंय. कुत्रा असलेल्या घराच्या फाटकावर मराठीत ‘कुत्र्यापासून सावध रहा’ लिहितात. हिंदीत ‘कुत्ते से सावधान’, गुजरातीत ‘कूतराथी सावधान’. ‘पासून’, ‘से’, ‘थी’: तिन्ही भाषांत अपादान. घरात मराठी, ऑफिसात गुजराती आणि फोनवर हिंदी बोलणारा माणूस इंग्रजी लिहायला बसला की हात आपोआप ‘फ्रॉम’कडे जातो. इंग्रजीत मात्र इथे ‘ऑफ’च लागतो. ‘बीवेअर ऑफ द डॉग’, ‘वेअरी ऑफ द डॉग’, ‘अफ्रेड ऑफ द डॉग’, ‘सस्पिशस ऑफ द डॉग’ हा सगळा ‘ऑफ’चा कळप आहे, एकदम पाठ करून टाका. ‘वेअरी अबाउट’ही चालतो, विशेषतः एखाद्या निर्णयाबद्दल मन कचरत असेल तेव्हा: ‘शी वॉज वेअरी अबाउट साइनिंग’. शंका असेल तिथे ‘ऑफ’ लिहा, तो कुठेच चुकत नाही. ‘वेअरी टु साइन’ असं काही जण लिहितात, ते टाळा. ‘वेअरी दॅट’ बातम्यांत दिसतो, पण ऑफिसच्या लिखाणात त्याची गरज पडत नाही.

आता स्पेलिंग. इथली चूक वाईट आहे, कारण ती साध्या स्पेलचेकला सापडत नाही. तुम्हाला हवा असलेला शब्द डब्ल्यू-ए-आर-वाय. तुम्ही लिहिलात तो डब्ल्यू-ई-ए-आर-वाय, म्हणजे ‘विअरी’: थकलेला, कंटाळलेला. दोन्ही शब्द खरे, दोन्ही विशेषणं, आणि दोन्हींना ‘ऑफ’ चालतो. त्यामुळे स्पेलचेक लाल रेघ मारत नाही आणि वाचणारा वेगळाच अर्थ घेतो. ‘फ्रॉम’ बदलून तुम्ही ‘ऑफ’ केलं असतं, तरी तुमच्या वाक्याचा अर्थ ‘तुमच्या सुधारित अटींना आम्ही कंटाळलो आहोत’ असा झाला असता. सावधपणाऐवजी वैताग पोचला असता. ही गफलत इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही सर्रास करतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. फक्त हा शब्द टाइप केला की एकदा मागे जाऊन अक्षरं मोजा: सावधाची चार, थकलेल्याची पाच.

लक्षात ठेवायला आणखी एक आधार आहे आणि तो खरा आहे, ओढूनताणून आणलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘वेअर’ असं एक विशेषण होतं, स्पेलिंग आज डब्ल्यू-ए-आर-ई, अर्थ खबरदार. त्यातूनच ‘अवेअर’, ‘बीवेअर’ आणि आपला ‘वेअरी’ आले. ‘गार्ड’ आणि ‘वॉर्ड’ हेही त्याच मुळाकडचे. म्हणजे जागेपणाच्या, राखण करण्याच्या या कुटुंबात सगळीकडे ‘ए-आर’ आहे आणि त्या ‘ए’च्या आधी ‘ई’ कुठेच नाही. ‘सॉफ्टवेअर’मधला ‘वेअर’ वेगळा, तो मालाचा. त्याला यात ओढू नका.

उच्चारात आपल्याला दुहेरी त्रास होतो. ‘वेअरी’चं यमक ‘फेअरी’शी आणि ‘हेअरी’शी जुळतं. ‘विअरी’चं ‘ड्रिअरी’शी. हा स्वरांचा भाग झाला. दुसरा भाग पहिल्या व्यंजनाचा. मराठीतला ‘व’ इंग्रजीतल्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या मधला पडतो, म्हणून आपल्या तोंडून ‘वेअरी’ आणि ‘व्हेअरी’ (बदलणे या अर्थाचा, व्ही-ए-आर-वाय) एकसारखे ऐकू येतात. बऱ्याच अमेरिकन लोकांच्या उच्चारात तर हा शब्द ‘व्हेरी’च्याही इतका जवळ जातो की फरक फक्त पहिल्या ध्वनीचा उरतो. उपाय ओठांचा आहे. ‘वेअरी’ म्हणताना शिट्टी वाजवायला करतो तसे ओठ गोल करा आणि वरचे दात खालच्या ओठाला लागू देऊ नका. ‘व्हेअरी’ आणि ‘व्हेरी’ला दात ओठावर टेकलाच पाहिजे. आरशात बघून हे दोन-चार दिवस केलं की जमतं. फोनवर बोलताना मात्र मी ‘व्हेरी वेअरी’ हा जोड टाळायला सांगतो. त्याऐवजी ‘क्वाइट वेअरी’ किंवा ‘डीपली वेअरी’ म्हणा, ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

शब्दाची इतर रूपं पटकन सांगतो. क्रियाविशेषण ‘वेअरिली’, नाम ‘वेअरीनेस’. तुलनेसाठी ‘वेअरिअर’ आहे, पण ‘मोअर वेअरी’ कानाला बरं वाटतं आणि चालतं. ‘कीप अ वेअरी आय ऑन’ म्हणजे संशयाने नजर ठेवणं. उलट अर्थाचा ‘अनवेअरी’ म्हणजे बेसावध, आणि ‘द अनवेअरी’ म्हणजे बेसावध मंडळी. करारांबद्दलच्या लिखाणात ‘अ ट्रॅप फॉर द अनवेअरी’ हा शब्दप्रयोग तुम्हाला भेटेल: न वाचता सही करणारा ज्यात अडकतो असं कलम. खरेदी विभागात असल्यामुळे हा लक्षात ठेवाच. ‘बीवेअर’ मात्र आता फक्त आज्ञार्थात आणि ‘टु’, ‘मस्ट’ वगैरेंच्या मागे येतो. ‘ही बीवेअर्स’ किंवा ‘बीवेअर्ड’ असं लिहायचं नाही. तिथे ‘ही इज वेअरी’ असंच म्हणावं लागतं.

शेजारच्या शब्दांपैकी दोनच नीट समजून घ्यावेत असे आहेत. पहिला ‘चेअरी’, सी-एच-ए-आर-वाय. यमक ‘वेअरी’शीच, प्रिपोझिशनही ‘ऑफ’, पण यात हात आखडता घेण्याची छटा जास्त: ‘चेअरी ऑफ प्रेझ’ म्हणजे कौतुक करायला कंजूष. तिथे ‘वेअरी ऑफ प्रेझ’ लिहिलं तर अर्थ फिरतो. मग तो माणूस लोकांनी केलेल्या कौतुकाकडे संशयाने पाहणारा ठरतो. दुसरा ‘गार्डेड’. हा बोलण्याबद्दलचा शब्द. ‘अ गार्डेड रिप्लाय’ म्हणजे तोलूनमापून, हातचं राखून दिलेलं उत्तर. हॉस्पिटलच्या कागदांवर ‘प्रोग्नोसिस गार्डेड’ असं लिहिलेलं असतं आणि घरचे लोक त्याचा अर्थ ‘पेशंट सुरक्षित आहे’ असा लावतात. अर्थ जवळजवळ उलटा आहे: पुढे काय होईल याची खात्री डॉक्टर देऊ शकत नाहीत. बाकी ‘लीअरी’ हा ‘वेअरी’च्याच अर्थाचा बोलण्यातला शब्द, अमेरिकेत जास्त ऐकू येतो, ऑफिसच्या पत्रात नको. ‘केजी’ (सी-ए-जी-ई-वाय) म्हणजे माहिती दडवून बोलणारा. ‘सर्कमस्पेक्ट’ हा भारदस्त, चहूबाजूंनी विचार करून वागणाऱ्याचा.

मराठीत भाषांतर करताना ‘वेअरी’ला एकच प्रतिशब्द ठरवून ठेवू नये. शब्दकोशाने ‘सावध’ दिलं हे चूक नाही, त्याला एका ओळीत तेवढंच देता येतं. पण वाक्यात बसवताना कोण कोणाबद्दल वेअरी आहे ते पाहावं लागतं. रानातली जनावरं ‘वेअरी ऑफ ह्यूमन्स’ असतात तेव्हा ती माणसाला बुजतात. नव्या भाडेकरूबद्दल घरमालक वेअरी असतो तेव्हा तो जरा अंतर ठेवून असतो. उमेदवाराच्या आश्वासनांबद्दल मतदार वेअरी असतात तेव्हा त्यांचा त्यावर पटकन विश्वास बसत नाही. भांडण झालेल्या दोन भावांत ‘वेअरी सायलेन्स’ असते तेव्हा दोघंही एकमेकांचा अंदाज घेत गप्प असतात. या चारही ठिकाणी ‘सावध’ घालून पाहा, वाक्य लगेच सरकारी परिपत्रकासारखं ताठ होतं.

आता तुमच्या मेलकडे. ‘वेअरी’मध्ये समोरच्याबद्दल शंका आहे आणि त्या शंकेला कारण आहे, हे वर पाहिलं. म्हणून हा शब्द सहसा तिसऱ्याबद्दल, तिसऱ्याच्या पाठीमागे बोलला जातो. ‘वुई आर वेअरी ऑफ युवर टर्म्स’ असं थेट पुरवठादाराला लिहिलं की त्याला ऐकू येतं: तुमच्या अटींत काहीतरी डाव आहे असं आम्हाला वाटतंय. मराठीत आपण व्यापाऱ्याला तोंडावर ‘आम्ही तुमच्याशी जपूनच वागतो हं’ म्हणत नाही, तसंच ते आहे. साहेबांनी सुचवलेला ‘कॉशस’ सौम्य आहे, पण ‘वुई आर कॉशस’ने कामही होत नाही, कारण पुढे काय करायचं ते पुरवठादाराला कळत नाही. अशा वेळी भावनेचं विशेषण काढून टाकावं आणि कृती लिहावी. ‘वुई हॅव नोटेड द रिव्हाइज्ड पेमेंट टर्म्स अँड वुड लाइक टु रिव्ह्यू देम बिफोर वुई कन्फर्म द ऑर्डर’ एवढं पुरे. कारण विचारायचं असेल तर पुढे ‘कुड यू लेट अस नो द रीझन फॉर द चेंज?’ जोडा. सावधपणा पूर्ण आला आणि कुणी दुखावलंही नाही.

हे किती मवाळ ठेवायचं ते मात्र तुमच्या आणि त्या पुरवठादाराच्या संबंधांवर अवलंबून आहे. जुना, वर्षानुवर्षांचा पुरवठादार असेल तर वरची दोन वाक्यं योग्य. त्याने याआधीही ऐन वेळी अटी फिरवल्या असतील आणि नाराजी मुद्दाम पोचवायची असेल, तर ‘वुई आर कन्सर्न्ड अबाउट द चेंज’ लिहा. ‘कन्सर्न्ड’मध्ये काळजी आणि तक्रार दोन्ही येतात, पण बदनियतीचा आरोप होत नाही. आणि मेलमध्ये अचानक नवीन बँक खात्याचा नंबर आला असेल, तर लिहीत बसू नका. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या फोन नंबरवर त्यांना फोन करून खातं पडताळा. त्या मेलला उत्तर देऊन, किंवा त्याच मेलमध्ये दिलेल्या नंबरवर विचारून काही सिद्ध होत नाही. मेल फसवा असेल तर उत्तरही तोच फसवणारा देईल.

‘वेअरी’ शोभतो तो तुमच्या ऑफिसातल्या अंतर्गत टिपणात. खरेदी विभागाकडून अकाउंट्सला जाणाऱ्या कागदावर असं लिहायला हरकत नाही: ‘द सप्लायर हॅज चेंज्ड पेमेंट टर्म्स ट्वाइस धिस इयर. वुई आर वेअरी ऑफ पेइंग द फुल अमाउंट इन अॅडव्हान्स.’ पहिल्या वाक्यात कारण आलं, दुसऱ्यात ‘ऑफ’पुढे ‘पेइंग’ आलं. मात्र ‘ट्वाइस’ तेव्हाच लिहा जेव्हा तसे दोन मेल फाइलला लावलेले असतील. आणि त्या टिपणात पुरवठादाराच्या माणसाचा पत्ता ‘सीसी’मध्ये राहून गेलेला नाही ना, हे ‘सेंड’ दाबण्याआधी एकदा पाहा.